सहा क्विंटलांचा गर्व

हे मार्कंडदेवा, वैनगंगेच्या काठी विसावलेल्या महादेवा, आधी तुझे पाय धरतो. जिथे नदीसुद्धा आपली वाट मोडून उत्तरेकडे वळते, तिथे तू बसला आहेस. तुझ्या पिंडीला एकदा सोळा वर्षांच्या पोराने मिठी मारली होती. समोर यम होता, यमाखाली रेडा होता, यमाच्या हाती पाश होता. रेड्यासह त्या बाजूचे वजन किती भरले असते, ते मोजायला कोणी काटा आणला नव्हता. या बाजूला नुसती हाडे होती. पण त्या पोराने छाती खाली घातली, मान झुकवली, हात सोडले नाहीत, आणि ओढणाऱ्याचेच पाय निसटले. देवा, तू हे पाहिलेस आणि हसलास. माझ्या वाणीला थोडे बळ दे, कारण आज मला मांसाच्या मोठेपणाची निंदा करायची आहे, आणि ती पोटभर करायची आहे.

तुझ्या साक्षीने ज्याचे नाव घ्यायचे, तो गुलाम रसूल. आमच्या गावच्या हायस्कूलचा शिपाई. चामोर्शीपासून दोन तासांच्या सायकलवाटेवर आमचे गाव, आणि गावात या माणसाएवढा बुटका शिपाई दुसरा नव्हता. उंची पाच फुटांना टेकलेली, दंड हातपंपाच्या दांड्यासारखे बारीक, गालफडे आत गेलेली. फळ्याच्या वरच्या कडेवर सुविचार लिहायचा तर त्याला बाक ओढावे लागे. मात्र त्याचे तळहात कोणी हाती घेऊन पाहिले असते, तर त्यांवर दोराचे पीळ उमटलेले दिसले असते. आम्ही पाहिले नाहीत. आम्हां गावकऱ्यांना माणसाचे पोट आधी दिसते, हात मागाहून दिसतात.

चौदाव्या वर्षी तो वनखात्याच्या लाकूड डेपोत लागला आणि बावीस वर्षे तिथे राहिला. आठ माणसांची टोळी, एक काथ्याचा दोर, आणि दोराच्या टोकाला सागाचा ओंडका. त्या टोळीची काम करण्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. ओंडका अडला की नवखी माणसे जोर करतात, ओरडतात आणि दमतात. जुनी टोळी अडलेल्या ओंडक्यावर जोर करीतच नसे. टाचा रोवायच्या, गुडघे वाकवायचे, अंग सरळ फळीसारखे मागे टाकायचे, आणि दोर ताणून नुसते थांबायचे. ताणलेला दोर थरथरतो. ओंडका अडचणीतून सैल होऊ लागला, की ती थरथर क्षणभर थांबते. दोरावर हात ठेवणाऱ्यालाच ते कळते. त्या क्षणी मुकादम म्हणे, "आलाऽ", आणि "घे" म्हणताच आठ माणसे एका पायाने एक वीत मागे सरत. पुन्हा थांबत. असे वीत वीत करून त्यांनी अख्खे डोंगर उतरवले. शेवटची दहा वर्षे तो "आलाऽ" म्हणणारा गुलाम रसूल होता.

मग क्रेन आली, टोळी मोडली. काही वर्षे मिळेल ती मजुरी करून १९९३ साली तो शाळेत शिपाई झाला. घंटा वाजवावी, माठ भरावा, चहा आणावा. बावीस वर्षांची विद्या त्याने दोराच्या वेटोळ्यासारखी गुंडाळून ठेवली. घरी खैरुन होती, शिलाईमशीनवर परकर शिवणारी. थोरला आकिब बल्लारशाला मोटार दुरुस्ती शिकत होता, आणि धाकटी निशात याच शाळेत नववीत होती. कोणी विचारले नसते, तर या माणसाने दोराचे नावही काढले नसते. कोणी विचारले नाहीच. पण १९९७ च्या दिवाळीनंतर कोठारे सरांनी वजनकाटा काढला, आणि ते त्याला पाहवले नाही.

कोठारे सर आमचे क्रीडाशिक्षक. गळ्यात शिट्टी, अंगात सफारी, आणि खेळाची एकच कसोटी ठाऊक, पायजम्याच्या नाडीची लांबी. जिल्ह्याच्या शालेय मेळाव्यात रस्सीखेच होती. आठ गडी निवडायचे होते. सरांनी दहावीपर्यंतची सगळी दणकट पोरे रांगेने राईस मिलवर नेली आणि ज्या काट्यावर धानाची पोती चढतात, त्या काट्यावर एकेक करून चढवली. मिलचा हमाल वजन ओरडून सांगे, सर वहीत टिपत. वरचे आठ निवडले गेले. सर्वांत वर शाळा समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या तेजराज, चौऱ्याऐंशी किलो. आठांची बेरीज सहा क्विंटल चार किलो भरली, आणि ती बेरीज सरांनी शाळेच्या फलकावर रंगीत खडूने लिहिली. खाली लिहिले, "आपला संघ."

सज्जनहो, असा संघ तुम्ही कुठे पाहिला आहे? धानाला तरी ओलावा आहे की नाही म्हणून दाताखाली दाणा फोडून बघतात. इथे तेवढीही तपासणी नाही. पाय कसा टाकतो, श्वास कधी सोडतो, शेजारच्याचे ऐकतो की नाही, सगळे गौण. मांस आहे ना, मग झाले. आणि गाव किती हरखले म्हणता. अध्यक्षांनी आठांसाठी पांढरे कापडी बूट आणले. कोणी अंडी पाठवली, कोणी केळीचे घड. पोरे सकाळी मैदानावर येत, दोन मिनिटे दोर ओढत, वीस मिनिटे केळी खात. बायका कुंपणापाशी उभ्या राहून म्हणत, "काय अंग हाये बाप्पा एकेकाचं." देवाने माणसाला डोळे दिले आणि आम्ही त्यांचा काटा केला.

चहाचा ट्रे घेऊन गुलाम रसूल शिक्षकांच्या खोलीत गेला आणि ट्रे ठेवताना बोलून गेला.

"सर, पोट्टे पोत्याच्या काट्यावर काऊन चढवून राह्यले?"

कोठारे सर हसले. "रस्सीखेच आहे रसूल. वजन लागते."

"दोर का किलोनं हालते का सर? कमलापूरचा हत्ती तं यायच्यापेक्षा वजनदार हाये. तोबी माहूत बोलल्याबिगर पाय उचलत नाई."

"मग तू माहूत हो," कोणी शिक्षक म्हणाले, आणि खोली हसली.

गुलाम रसूल हसला नाही. "हे आठ पोट्टे उभे राहून ओढतेत. उभा माणूस म्हंजे बिनपाचरीचा खांब. समोरच्यानं खाली बसून धरलं, तं हे तोंडावर पडतीन. होस्टेलच्या पोट्ट्यायनं बी पाडले जातीन."

होस्टेलची पोरे म्हणजे एटापल्ली तालुक्यातून, सूरजागडच्या डोंगराखालच्या पाड्यांतून शिकायला आलेली मुले. काटकुळी, अनवाणी, कोणत्याच संघात कधी न घेतलेली. त्यांचे नाव निघताच सरांचे कान तापले.

"तुझी अक्कल घंटीपुरती ठेव," ते म्हणाले.

"ठेवतो ना सर. पण खरं हाये थे सांगतलं."

आता पाहा, मोठ्या माणसाचा अपमान किती लहान गोष्टीने होतो. सरांनी चहा तसाच ठेवला आणि सर्वांसमोर अट घातली. पंधरा दिवसांनी, शनिवारी, होस्टेलची आठ पोरे उभी कर. जिंकली तर तीच जिल्ह्याला जातील. हरली, तर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर कान धरून म्हणायचे, मला दोरातले काही कळत नाही.

पैशाची पैज नव्हती ती. बावीस वर्षांची एकच मिळकत या माणसाच्या गाठी होती, आणि ती खोटी होती असे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचे, आपल्या मुलीच्या वर्गासमोर. त्याने ट्रे उचलला आणि म्हटले, "बरं."

घरी खैरुनने ऐकले तेव्हा मशीन थांबवले. "पूरी जिंदगी लाकडं ओढली, आता पोट्टे ओढा. कान धराची लई हौस असंल तं घरीच धरत जा ना, मी बघतो कोणी नाई म्हणते का."

निशात मात्र हसली नाही. "अब्बा, हरले तं मी सोमवारी शाळेत येणार नाई."

"मी तं येईन," गुलाम रसूल म्हणाला. "घंटी कोण वाजवंल?"

दुसऱ्या दिवशी त्याने होस्टेलमागच्या मोकळ्या जागेत लांब बांबू ठेवला. आठ आठ पोरांच्या खांद्यावर तो देऊन त्यांना चालायला लावले आणि स्वतः जमिनीवर आडवा होऊन त्यांचे पाय पाहत राहिला. कोणाचा दंड केवढा, हे त्याने पाहिलेच नाही. ज्यांची पावले एका वेळी पडली, तेवढी आठ ठेवली. सर्वांत पुढे बुधू, सर्वांत मागे सुकलू. सुकलू कमी बोलणारा, किडकिडीत, दहावीतला. त्यांचे वजन कोणी केले नाही, म्हणून ते मला सांगता येत नाही.

मोहाच्या झाडाला दोर बांधला आणि पोरांना ओढायला सांगितले. बुधूने विचारले, "चाचा, झाड तं हालत नाई. मंग ओढाचं कशाले?"

"झाड नाई हालवाचं. तुमी हालू नका, एवढंच."

आठवडाभर त्याने त्यांना फक्त न हलणे शिकवले. टाच आधी, बोटे वर. गुडघा वाकलेला, पाठ सरळ. कोपराने ओढाल तर हात दमेल, अंगाने धरा. दोर काखेखालून गेला पाहिजे, आणि नजर दोरावर, माणसावर नाही. मान वर केली की खांदा वर येतो, खांदा वर आला की दोर वर येतो, दोर वर आला की माणूस उभा राहतो, आणि उभा राहिलेला माणूस मेला. हे तो इतक्या वेळा म्हणे की पोरे ते जेवताना एकमेकांना म्हणू लागली. भात वाढणारी सुगंधाबाई म्हणे, "मान खाली घालून जेवा रे बाबू, नाई तं मराल."

दुसऱ्या आठवड्यात झाडाच्या जागी माणसे आली. गुलाम रसूलने हमालवाड्यातले चार बाप्ये दोराच्या टोकाला उभे केले, आणि पोरांना डोळे मिटायला सांगितले.

"दोर थरथरून राह्यला ना? म्हंजे थे जोर करून राह्यले. करू द्या. तुमी कायी करू नका. थरथर थांबली का त्यायनं दम घेतला. तवा 'आला'. मंग 'घे'."

पुढे पोरे डोळे उघडे ठेवू लागली; तो हाक देई आणि ती एक वीत मागे सरत. तळव्यांना फोड आले, फोड फुटले, खैरुनने रात्रीच्या पोळ्यांच्या तव्यावर तेल कोमट करून पाठवले. हाकेवर पोरे अशी बसली, की त्याचे ओठ हलताच टाचा रुतत. आणि इथेच त्याची चूक होती. डेपोतल्या मुकादमाला सवय असते की त्याच्या तोंडाकडे सगळ्यांनी पाहावे. पोरे दोराकडे पाहायला शिकली नव्हती, त्याच्या तोंडाकडे पाहायला शिकली होती. हे त्याला शनिवारपर्यंत कळले नाही.

शनिवारी अर्धे गाव मैदानावर आले. अध्यक्ष खुर्चीत. सहा क्विंटल चार किलो पांढऱ्या बुटांत. तेजराजने दोराचे टोक कमरेभोवती गुंडाळून घेतले होते, खुंट्याला बांधलेल्या वळूसारखे. समोर आठ अनवाणी पोरे. लोक हसले, आणि कबूल करतो, की हसणाऱ्यांत हा लेखकही होता.

"आरे, यायले दोरीसंगं घरी घेऊन जाजा," मिलचा हमाल ओरडला. "सुतळीत सुतळी दिसन."

तीन फेऱ्यांचा सामना. पहिल्या शिट्टीला आठ मोठ्यांनी असा हिसका दिला की बुधू एक हात पुढे फरफटला. मग दोर थांबला. मोठे ओढत होते, ओरडत होते, लाल होत होते, दोर हलत नव्हता. बाजूला उकिडवा बसलेला गुलाम रसूल हळू आवाजात म्हणाला, "आलाऽ. घे." एक वीत. "आलाऽ. घे." आणखी एक वीत. नवे बूट मुरमावर घसरू लागले. तेजराज उभा होता, खांबासारखा, आणि पाचर नसलेला खांब जसा जातो तसा तो गेला, आधी कमरेत, मग तोंडावर. पुढचे सातही त्याच्यासह.

बुधूने गुलाम रसूलकडे पाहून दात काढले.

कोठारे सरांनी शिट्टी वाजवली. नियमांचे पुस्तक त्यांच्या खिशात नव्हते, पण अध्यक्षांचा चेहरा समोर होता. ते म्हणाले, "बाहेरच्या माणसाने हाक देणे चालणार नाही. रसूल, आता तोंडातून आवाज काढायचा नाही."

हा न्याय पाहा. आपल्या आठ पोत्यांना त्यांनी पंधरा दिवस शिट्टी वाजवून ओढायला लावले, तेव्हा आवाज चालत होता. पण गर्वाला हरताना नेहमीच एखादा नियम आठवतो.

दुसरी फेरी. गुलाम रसूल ओठ मिटून बसला. शिट्टी झाली, दोर ताणला गेला, आणि आठही पोरांनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिले. मान वर, खांदा वर, दोर वर. पंधरा मोजायच्या आत ती रेषेपार फेकली गेली. सुकलूची कोपरे सोलली. मोठ्यांनी आरोळी ठोकली. केळी पुन्हा निघाली.

निशात मुलींच्या रांगेत उभी होती. ती जमिनीकडे पाहत होती.

गुलाम रसूल पोरांजवळ गेला. बोलायला बंदी होती, तो बोलला नाही. सुकलूच्या कोपराची माती झटकली. मग त्याने काय केले? पाठ फिरवली आणि चालायला लागला. मैदान ओलांडून, खुर्च्यांमागून, शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे. लोकांना वाटले, पळाला. मिलचा हमाल म्हणाला, "सोमवारची प्रॅक्टिस कराले गेला. कान धरून पाह्यत असंल." टाकीच्या पलीकडे जाऊन तो भिंतीला टेकून खाली बसला, जिथून मैदान दिसत नाही, आणि जिथे तो मैदानावरच्या कोणाला दिसत नाही. ज्याच्या हातात त्याचे सारे नाव होते, तो शेवटचा दोर त्याने पाहिलाच नाही.

तिसरी शिट्टी झाली. पोरांनी मान वर केली. पाहायला कोणी नव्हते. मान खाली गेली.

मग दोर थांबला, आणि थांबून राहिला. मोठे ओढत होते. एक मिनिट गेले. तेजराजच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. दुसरे मिनिट. बुटांखालचा मुरूम खरडून गुळगुळीत झाला. सहा क्विंटल चार किलो धापा टाकू लागले, कोणी पाय बदलले, कोणी हात पुसले, प्रत्येक जण आपापल्या सोयीने. समोर आठ काटक्या एका कोनात मागे टेकल्या होत्या, एकही हलत नव्हती. गाव हसायचे विसरले.

शेवटी सर्वांत मागून, कधी कोणाशी न बोलणाऱ्या सुकलूचा घसा फुटलेला आवाज आला. "आलाऽ."

आणि आठांनी मिळून, "घे."

एक वीत. पुन्हा थांबले. पुन्हा थरथर. "आलाऽ." "घे." घाई नाही, आरडाओरडा नाही. पीठ मळावे तशा शांतपणे त्यांनी त्या मांसाच्या डोंगराला ओढून आपल्या रेषेपार आणले, आणि शेवटच्या विताला तर मोठ्यांनी दोर सोडूनच दिला.

टाकीमागे गुलाम रसूलने हाका मोजल्या होत्या. सोळा. सतरावी आली नाही तेव्हा त्याला कळले, पोरे जिंकली. तो उठला, पँटची धूळ झटकली आणि माठ भरायला गेला, कारण पाणी प्यायला इतकी पोरे येणार होती. निशात धावत टाकीपाशी आली. बापाच्या हातातला हंडा तिने घेतला.

सोमवारी प्रार्थनेनंतर कोठारे सर बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, दुबळ्या घटकांना संधी देण्याचे शाळेचे धोरण आहे आणि त्यानुसार होस्टेलचा संघ जिल्ह्याला पाठवण्यात येत आहे. हे वाक्य त्यांनी पापणी न लववता म्हटले. माणसाला लाज किती किलो असते, हे मोजायचा काटा त्या मिलमध्येही नव्हता. फलकावरची बेरीज कोणी पुसली, कळले नाही. कान धरण्याचा विषय निघाला नाही. गुलाम रसूलनेही काढला नाही. फक्त सर खाली उतरताना तो म्हणाला, "सर, दोर ओला होऊ देऊ नका. आखडते." सरांनी मान हलवली. त्यांनी त्याचे ऐकलेली ती पहिली गोष्ट.

गडचिरोलीला पोरे तीन सामने जिंकली आणि चौथा हरली. ज्यांनी हरवले, तेही बुटके होते आणि तेही खाली बसूनच ओढत होते. परत येताना एसटीत बुधू म्हणाला, "चाचा, थे तं आपल्यासारखेच निंगाले." गुलाम रसूल म्हणाला, "म्हंजे त्यायच्या गावातबी कोणी हाये." या हरण्यात त्याला जो आनंद झाला, तो जिंकण्यात झाला नव्हता. मार्गदर्शनाबद्दलचे प्रशस्तिपत्र कोठारे सरांना मिळाले. त्यांनी ते काचेत बसवले. असू दे. काच जड असते.

पुढची नऊ वर्षे, २००६ साली निवृत्त होईपर्यंत, शाळेचा दोर गुलाम रसूलच्या हाती राहिला. काटा पुन्हा निघाला नाही. दरवर्षी तो पोरांना पंधरा दिवस शिकवी आणि सामन्याच्या वेळी टाकीमागे जाऊन बसे. नव्या शिक्षकांना वाटे, म्हातारा घाबरतो. सुकलू पुढे एटापल्लीकडे शिक्षक झाला. तोही सामन्याच्या वेळी मैदान सोडून जातो असे ऐकतो.

आता या माणसासाठी पदर पसरतो. ज्या नावाने तो पाच वेळा मान झुकवतो आणि ज्या नावाने मी टाळ धरतो, त्या एकाच दयाळाने गुलाम रसूलच्या हातांना म्हातारपणी विसावा द्यावा. खैरुनच्या मशीनचा दोरा तुटू नये आणि तिची जीभ अशीच तिखट राहावी. आकिबच्या दुकानी सचोटीचे काम यावे. निशातच्या संसारात बापाची धीराची चाल उतरावी. त्या घराच्या चुलीला रोज आच असावी, माठाला पाणी असावे, आणि दारात येणाऱ्याला कोणी वजन न विचारता आत घ्यावे. त्या घरातल्या सर्वांचे कल्याण होवो, कल्याण होवो.